प्रदेशातील किती कर्करुग्णांना रेडिओथेरपी मिळते, हे कसे मोजावे आणि त्या आकड्यावरून काय ठरवावे

प्रश्न असा आहे : एका प्रदेशात वर्षभरात नोंदल्या गेलेल्या नव्या कर्करुग्णांपैकी ३८ टक्के रुग्णांना रेडिओथेरपी (किरणोपचार) मिळाल्याचे दिसते. साधारण निम्म्या कर्करुग्णांना आजाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर हा उपचार लागतो, असे सर्वत्र सांगितले जाते. तेव्हा मधले १२ टक्के रुग्ण उपचाराला मुकले असे धरायचे काय, आणि आणखी यंत्रे बसवली की ही तूट भरून निघेल काय?

दोन्ही गोष्टी नुसत्या ३८ या आकड्यावरून ठरवता येत नाहीत. तो आकडा खरा असेल, तरी तो कोणत्या कर्करोगांच्या मिश्रणातून आला, त्याचा अंश आणि छेद कसा धरला आणि निदानानंतर किती काळापर्यंतचे उपचार मोजले, हे कळल्याखेरीज त्याची तुलना पन्नाशीशी करणे व्यर्थ आहे. आणि तूट खरोखर असलीच, तर ती बहुधा यंत्राच्या खोलीत सापडत नाही. रुग्ण त्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी ती पडलेली असते. हे सविस्तर सांगतो.

आधी ‘निम्मे रुग्ण’ हे कुठून आले ते पाहू. पूर्वी हा आकडा मुख्यतः अनुभवी डॉक्टरांच्या अंदाजावर चालत असे. त्याला पद्धतशीर आधार मिळाला तो ऑस्ट्रेलियातील डिलेनी, बार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे, जे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी प्रत्येक कर्करोगासाठी एक निर्णयवृक्ष तयार केला. रोग कोणत्या टप्प्यावर सापडला, रुग्णाची शारीरिक स्थिती कशी आहे, शस्त्रक्रिया झाली का, लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) बाधित आहेत का, पुढे रोग उलटला का, अशा प्रत्येक फांदीवर किती टक्के रुग्ण असतात हे नोंदींवरून घेतले आणि कोणत्या फांदीच्या टोकाला रेडिओथेरपी द्यावी असे उपलब्ध पुरावा आणि मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, ते पाहून बेरीज केली. ती ५२.३ टक्के आली. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित हिशेबात ती ४८.३ टक्क्यांवर उतरली. मधल्या काळात काही आजारांत पुरावा बदलला, आणि लोकसंख्येतील कर्करोगांचे मिश्रणही बदलले. जठराच्या कर्करोगात हे प्रमाण ६८ वरून थेट २७ टक्क्यांवर आले, कारण शस्त्रक्रियेच्या आगेमागे केमोथेरपी देण्याचा मार्ग पुढे आला. म्हणजे ज्याला आपण ‘योग्य प्रमाण’ म्हणतो ते काळानुसार सरकणारे आहे, हे पहिल्यापासून लक्षात ठेवले पाहिजे.

त्याच हिशेबातले कर्करोगनिहाय आकडे एकूण बेरजेपेक्षा कितीतरी उपयोगी आहेत. स्तनाच्या कर्करोगात ८७ टक्के, फुप्फुसाच्या ७७, डोके व मानेच्या ७४, गर्भाशयमुखाच्या ७१, गुदाशयाच्या ६० आणि प्रोस्टेटच्या ५८ टक्के रुग्णांना केव्हा तरी बाह्य, म्हणजे शरीराबाहेरून दिलेला, किरणोपचार लागतो. उलट मूत्रपिंडाच्या कर्करोगात तो १५ टक्क्यांना लागतो आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात जेमतेम ४ टक्क्यांना. मोठे आतडे आणि गुदाशय शरीरात एकमेकांना लागून आहेत, पण या हिशेबात त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. ज्या नोंदणीत दोहोंचा एकच रकाना करून बेरीज ठेवली जाते, तिथून काढलेला आकडा मी तरी वापरत नाही.

मिश्रणाचा परिणाम किती मोठा होतो ते एका काल्पनिक उदाहरणाने दाखवतो. पहिल्या प्रदेशात १००० नव्या रुग्णांपैकी २५० डोके व मानेचे, १०० गर्भाशयमुखाचे, २०० स्तनाचे, १०० फुप्फुसाचे आणि ३५० इतर प्रकारांचे आहेत. दुसऱ्या प्रदेशात २०० प्रोस्टेटचे, १५० मोठ्या आतड्याचे, १०० मेलानोमाचे (त्वचेचा एक कर्करोग), २०० स्तनाचे, १०० फुप्फुसाचे आणि २५० इतर आहेत. ‘इतर’साठी दोन्हीकडे सरसकट २५ टक्के धरू, मेलानोमासाठी प्रसिद्ध झालेले प्रमाण २१ टक्के आहे. बेरीज केली की पहिल्या प्रदेशात सुमारे ५९ टक्के रुग्णांना रेडिओथेरपी लागते आणि दुसऱ्यात सुमारे ४६ टक्क्यांना. आता दोन्ही प्रदेशांत प्रत्यक्षात ४५ टक्के रुग्णांना उपचार मिळत असतील, तर दुसऱ्याचे काम जवळपास पूर्ण आहे आणि पहिल्यात मात्र गरजवंतांपैकी चौथा हिस्सा बाहेर राहिला आहे. आकडा एकच, अर्थ दोन. म्हणून ३८ ला पन्नासशी नव्हे, तर त्या प्रदेशाच्या स्वतःच्या मिश्रणातून निघणाऱ्या अपेक्षित प्रमाणाशी ताडून पाहावे. तंबाखूमुळे होणारे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग, तसेच गर्भाशयमुखाचा कर्करोग जिथे जास्त, आणि जिथे रोग उशिरा म्हणजे पुढच्या टप्प्यात सापडतो, तिथे हे अपेक्षित प्रमाण पन्नाशीच्या बरेच वर असते.

अपेक्षित प्रमाण काढण्याच्या अन्य रीतीही आहेत आणि त्या वेगळे उत्तर देतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. इंग्लंडमध्ये संगणकीय सादृश्यीकरणाने केलेल्या ‘माल्थस’ या प्रारूपात योग्य प्रमाण सुमारे ४१ टक्के निघाले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात मॅकिलॉप आणि त्यांच्या गटाने निराळाच मार्ग घेतला. जिथे रुग्ण केंद्राजवळ राहतात, जिथे निर्णय अनेक शाखांचे तज्ज्ञ मिळून घेतात आणि जिथे जास्त उपचार दिल्याने डॉक्टरांचे उत्पन्न वाढत नाही, अशा वस्त्या निवडून तिथले प्रत्यक्ष प्रमाण त्यांनी इतरांसाठी मानदंड मानले. ही रीत मला व्यक्तिशः अधिक पटते, कारण तिच्यात वयोवृद्ध, अशक्त आणि उपचाराला नकार देणारे रुग्ण आपोआप धरले जातात. निर्णयवृक्षात हे रुग्ण कागदावर उपचारयोग्य ठरतात आणि मग प्रत्यक्षातले अंतर उगाच मोठे दिसते. मात्र जिथे सगळ्याच वस्त्या यंत्रापासून दूर आहेत, तिथे असा मानदंड सापडणारच नाही. तिथे निर्णयवृक्षाचाच आधार घ्यावा लागतो.

आता अंश आणि छेद यांकडे वळू. माझ्या मते सर्वाधिक घोळ इथे होतो, आणि तो बहुतेक वेळा अजाणता होतो.

समजा, एका प्रदेशात वर्षाला ४००० नवे कर्करुग्ण नोंदले जातात आणि तिथल्या केंद्रांच्या वार्षिक अहवालात १८०० उपचारक्रम (एका रुग्णाला एका वेळी दिलेल्या सत्रांची पूर्ण मालिका म्हणजे एक उपचारक्रम) दिल्याचे लिहिले आहे. चटकन भागाकार केला की ४५ टक्के येतात आणि अहवालात समाधान व्यक्त होते. पण त्या १८०० मध्ये, समजा, ६० उपचारक्रम कर्करोग नसलेल्या आजारांचे आहेत; ३४० असे रुग्ण आहेत ज्यांना आधी एकदा रेडिओथेरपी झाली होती आणि आता हाडात किंवा मेंदूत रोग पसरल्याने ते परत आले; आणि ३०० रुग्ण शेजारच्या प्रदेशांतून आलेले आहेत. हे वजा केले की ११०० उरतात. उलट बाजूने या प्रदेशातले १५० रुग्ण उपचारासाठी बाहेर गेले, ते मिळवले की १२५० होतात. म्हणजे प्रमाण ४५ नव्हे, तर ३१ टक्के आहे. त्यातही नोंदणी अपुरी असेल आणि खरे नवे रुग्ण ५००० असतील, तर ते २५ टक्क्यांवर येते. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण फरक या आकाराचा पडू शकतो. विशेषतः पुन्हा येणाऱ्या रुग्णांचा भाग लहान नसतो. ऑस्ट्रेलियात नियोजन करताना तो २५ टक्के धरण्याची प्रथा होती.

नोंदणीतील गळतीचा एक विचित्र परिणाम असा की, नोंदणी जितकी अपुरी तितके प्रमाण छान दिसते. जे रुग्ण कुठल्याच मोठ्या रुग्णालयात पोहोचले नाहीत, ते छेदातूनही गायब असतात. याच कारणाने एखाद्या मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या नोंदींवरून काढलेले प्रमाण प्रदेशाचे प्रमाण म्हणून कधीही सांगू नये. तिथे येणारे रुग्ण मुळातच निवडून आलेले असतात. किरणोपचार लागणारेच तिथे पाठवले जातात, आणि मग ६०-६५ टक्क्यांचा आकडा निघतो, ज्याचा प्रदेशातील लोकांशी संबंध नसतो. छेद हा लोकसंख्याधिष्ठित, म्हणजे प्रदेशातील सर्व रहिवाशांच्या, नोंदणीतूनच यायला हवा, राहण्याच्या ठिकाणानुसार हवा, आणि मेलानोमाखेरीजचे त्वचेचे कर्करोग त्यातून वगळले आहेत की नाहीत हे लिहिलेले हवे. ते सहसा वगळले जातात. मग अंशातूनही ते वगळायला हवेत, पण हे दुसरे पाऊल बऱ्याचदा राहून जाते.

काळाची मर्यादा हाही तितकाच कळीचा भाग आहे. ४८.३ किंवा ५२.३ टक्के हे प्रमाण रुग्णाच्या संपूर्ण आजारपणाचे आहे. प्रत्यक्षातले आकडे मात्र बहुधा निदानापासून एका वर्षाच्या आतले असतात, कारण तेवढेच सहज जोडता येते. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या रक्तातील पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन) चार वर्षांनी वाढू लागले आणि त्याला तेव्हा किरणोपचार दिला, तर तो एका वर्षाच्या हिशेबात येत नाही. स्तनाचा कर्करोग सहा वर्षांनी हाडात उतरला, तर तेही निसटते. तेव्हा तुमचे ३८ टक्के एका वर्षाच्या मर्यादेतले असतील, तर संपूर्ण आजारपणाचे प्रमाण त्याहून निश्चितच जास्त आहे आणि कथित तुटीचा काही भाग केवळ मोजण्याच्या रीतीतून आला आहे. याच्या उलट, स्वीडनमध्ये २००१ साली केलेल्या पाहणीत नव्या रुग्णांच्या तुलनेत ४७ टक्के इतके प्रमाण आढळले, ते ठरावीक कालखंडात उपचार घेणाऱ्या सर्व रुग्णांच्या पाहणीवरून काढलेले होते. दोन वेगळ्या रीतींचे आकडे शेजारी ठेवून ‘ते पुढे, आपण मागे’ असे म्हणण्याची घाई करू नये.

हे सगळे सुधारून घेतल्यावरही तूट उरते का? जगभरचा अनुभव सांगतो की बहुतेक ठिकाणी उरते. युरोपात किरणोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने केलेल्या ‘हीरो’ प्रकल्पात दिसले की, गरज असलेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला रेडिओथेरपी मिळत नाही. आणि हा तुलनेने सधन, यंत्रे असलेला खंड आहे. कमी उत्पन्नाच्या देशांत दहापैकी नऊ गरजवंत वंचित राहतात, असा निष्कर्ष ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’च्या आयोगाने २०१५ मध्ये मांडला. या दोन टोकांची कारणे एक नाहीत, आणि म्हणून उपायही एक नाही.

जिथे यंत्रच नाही तिथे चर्चा सोपी आहे. किरणोपचार देणाऱ्या एका लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरवर दिवसाचे १० तास, तासाला ४ रुग्ण आणि वर्षाला २५० दिवस काम झाले, तर १०,००० सत्रे होतात. देखभाल, बिघाड आणि गुणवत्ता तपासणी वजा केली की ८ ते ९ हजार उरतात. एका उपचारक्रमाला सरासरी २० सत्रे धरली, तर वर्षाला ४०० ते ४५० उपचारक्रम. नियोजनात वापरले जाणारे निकष साधारण याच पट्ट्यात आहेत. प्रदेशातील नव्या रुग्णांना अपेक्षित प्रमाणाने गुणावे, पुन्हा येणाऱ्यांसाठी चौथाई भर घालावी आणि या क्षमतेने भागावे. यंत्रांची संख्या मिळते. वर घेतलेल्या ४००० रुग्णांच्या प्रदेशात अपेक्षित प्रमाण ५० टक्के धरले, तर २००० अधिक ५०० असे २५०० उपचारक्रम होतात आणि त्यासाठी सुमारे सहा यंत्रे लागतात.

हा हिशेब मांडताना किरणोत्सर्गी कोबाल्टच्या स्रोतावर चालणाऱ्या यंत्रांबाबत एक गोष्ट विसरली जाते. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षांचा आहे. म्हणजे स्रोत बदलला नाही, तर दर महिन्याला सुमारे एक टक्का किरणतीव्रता घटते आणि पाच-सव्वापाच वर्षांत तेवढीच मात्रा द्यायला दुप्पट वेळ लागतो. यादीत यंत्र ‘चालू’ असते, पण दिवसाला होणारे रुग्ण हळूहळू कमी होत जातात आणि प्रतीक्षायादी का वाढली हे कोणाला कळत नाही. यंत्रांची मोजदाद करताना संख्येबरोबर स्रोताचे वय, मेडिकल फिजिसिस्टची (किरणमात्रेचा हिशेब आणि यंत्राची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांची) पदे भरलेली आहेत का, नियोजनासाठी सीटी उपलब्ध आहे का आणि किती पाळ्यांत काम चालते, हे विचारलेच पाहिजे. फिजिसिस्टअभावी बंद पडलेले नवे यंत्र हे क्षमतेत मोजू नये.

जिथे यंत्रे आहेत आणि तरीही प्रमाण कमी आहे, तिथला प्रश्न खरा गुंतागुंतीचा आहे, आणि माझ्या समजुतीने त्याचे मूळ बहुतेकदा रेफरलमध्ये, म्हणजे एका डॉक्टरने रुग्णाला दुसऱ्याकडे पाठवण्यात, असते. कर्करोगाचा रुग्ण क्वचितच थेट किरणोपचारतज्ज्ञाकडे येतो. तो आधी शल्यविशारदाकडे, छातीच्या डॉक्टरांकडे, मूत्रविकारतज्ज्ञाकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जातो. उपचाराची दिशा तिथे ठरते. त्या डॉक्टरांनी रुग्णाला पाठवलेच नाही, तर किरणोपचार विभागाच्या दृष्टीने तो रुग्ण अस्तित्वातच नसतो. ना तो प्रतीक्षायादीत दिसतो, ना नकार दिलेल्यांत. म्हणून विभागाच्या नोंदी कितीही चोख असल्या, तरी त्यांतून तुटीचे कारण कळत नाही. ते कळण्यासाठी ज्यांना उपचार मिळाला नाही त्यांच्या फाइल्स वाचाव्या लागतात, आणि त्या दुसऱ्या विभागांत किंवा दुसऱ्या रुग्णालयांत असतात.

फुप्फुसाचा कर्करोग याचे ठळक उदाहरण आहे. पुराव्यानुसार तीन-चतुर्थांशाहून जास्त रुग्णांना केव्हा तरी किरणोपचाराचा लाभ होऊ शकतो. पण वय जास्त, श्वास कमी, रोग पसरलेला, असे दिसले की ‘आता काय करणार’ म्हणून अनेकांना घरी पाठवले जाते. त्यांच्यापैकी रक्ताची थुंकी पडणाऱ्याला, हाड दुखणाऱ्याला किंवा मोठी शीर दाबली जाऊन चेहरा सुजलेल्याला एक-दोन सत्रांतही आराम पडू शकतो. हाडातील वेदनेसाठी ८ ग्रेचे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) एकच सत्र बहुतांश रुग्णांना पुरेसे ठरते, हे अनेक चाचण्यांनी दाखवले आहे. उपशामक किरणोपचाराचा हा अल्पवापर मला सर्वात जास्त खटकतो, कारण त्याला ना महागडे तंत्र लागते, ना जास्त दिवस.

अंतराचा प्रश्न याहून फसवा आहे. केंद्रापासून जितके दूर राहणे, तितका किरणोपचार मिळण्याचा संभव कमी, हे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. पण स्तनाच्या कर्करोगात अंतर स्वतःला लपवते. स्तन राखून गाठ काढली, तर पुढे किरणोपचार बहुधा लागतोच. संपूर्ण स्तन काढला आणि काखेतील लसिकाग्रंथी बाधित नसतील, तर बहुधा लागत नाही. आता तीन-चार आठवडे रोज ये-जा करणे शक्य नाही, म्हणून दूरच्या गावातील बाईने संपूर्ण स्तन काढण्याचा पर्याय घेतला, तर आकडेवारीत ती ‘गरज नसलेली’ म्हणून दिसते. तूट शून्य दाखवली जाते, पण तिच्या वाट्याला आलेली शस्त्रक्रिया तिने निवडली नसून रस्त्याने निवडलेली असते. म्हणूनच स्तनाच्या बाबतीत मी किरणोपचाराचे प्रमाण एकटे कधी पाहत नाही. स्तन राखण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण तालुकावार किंवा अंतराच्या पट्ट्यांनुसार काढून शेजारी ठेवतो.

प्रोस्टेटमध्ये पुन्हा वेगळी गोष्ट आहे. मर्यादित रोगात शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हे दोन्ही मान्य पर्याय आहेत आणि काही रुग्णांत नुसते लक्ष ठेवणेही योग्य असते. तिथे ४५ टक्के चांगले की ६० चांगले, याला अर्थ नाही. विचारण्याजोगा प्रश्न एवढाच की, निर्णयापूर्वी रुग्णाची किरणोपचारतज्ज्ञाशी भेट झाली होती का. ही भेट मोजता येते, आणि ती उपचाराच्या प्रमाणापेक्षा जास्त काही सांगते.

डोके-मान आणि गर्भाशयमुख या दोन ठिकाणी मात्र प्रमाण पुरेसे असूनही मी निर्धास्त होत नाही, कारण तिथे उपचार सुरू झाला यापेक्षा तो वेळेत पूर्ण झाला हे महत्त्वाचे असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाह्य किरणोपचार आणि ब्रेकीथेरपी (शरीराच्या आत स्रोत ठेवून दिलेला किरणोपचार) मिळून सर्व उपचार आठ आठवड्यांत संपावेत, हा जुना आणि भक्कम आधाराचा नियम आहे. डोके-मानेच्या कर्करोगात मधेच खंड पडला, तर उरलेल्या पेशी वेगाने वाढू लागतात आणि वाढलेल्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्का किंवा थोडी अधिक घटते. ३५ पैकी २२ सत्रे घेऊन तोंड सोलवटल्यामुळे, खर्चामुळे किंवा घरी कोणी नसल्यामुळे रुग्ण निघून गेला, तरी प्रदेशाच्या आकडेवारीत तो ‘रेडिओथेरपी मिळालेला’ म्हणूनच मोजला जातो. तसेच ब्रेकीथेरपीची सोय नसलेल्या केंद्रात गर्भाशयमुखाच्या रुग्णाला फक्त बाह्य किरणोपचार देऊन सोडले, तर तीही बेरजेत चढते. प्रमाणाबरोबर पूर्णतेचा आकडा दिलेला नसेल, तर या दोन कर्करोगांपुरता तरी तो अहवाल अपुरा समजावा.

प्रमाण घटणे नेहमी वाईट असते असेही नाही. पासष्टीपुढच्या स्त्रियांमध्ये लहान, हार्मोनला प्रतिसाद देणारी आणि लसिकाग्रंथींत न पसरलेली स्तनाची गाठ स्तन राखून काढल्यावर किरणोपचार टाळता येईल का, हे ‘प्राइम-२’ चाचणीने तपासले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षांत किरणोपचार न घेतलेल्यांमध्ये ९.५ टक्के आणि घेतलेल्यांमध्ये ०.९ टक्के स्त्रियांत त्याच स्तनात रोग उलटला. जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. हे समजावून सांगितल्यावर काही स्त्रिया उपचार घेणार नाहीत आणि ते रास्त आहे. दुसरीकडे लहान फुप्फुसगाठींसाठी आणि मोजक्या ठिकाणी पसरलेल्या रोगासाठी नेमक्या, मोठ्या मात्रेचा किरणोपचार वाढतो आहे. एका बाजूची घट आणि दुसऱ्या बाजूची वाढ एकूण बेरजेत एकमेकींना खाऊन टाकतात आणि वर्षानुवर्षे आकडा स्थिर दिसतो.

याच संदर्भात सत्रांच्या संख्येवरून वापर मोजण्याची सवय सोडायला हवी. स्तनाच्या कर्करोगात पाच आठवड्यांच्या जागी तीन आठवडे आले, आणि २०२० मध्ये ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीने ४० ग्रे १५ सत्रांत देण्याऐवजी २६ ग्रे ५ सत्रांत दिले तरी पाच वर्षांपर्यंत रोगावरचे नियंत्रण कमी ठरत नाही, असे दाखवले. अशा बदलानंतर केंद्राची सत्रे निम्म्यावर येऊ शकतात, रुग्ण मात्र तितकेच किंवा जास्त असतात. जिथे मोबदला सत्रागणिक मिळतो तिथे हा बदल रेंगाळतो, हेही स्पष्ट बोललेले बरे. आणि दूरच्या रुग्णासाठी १५ ऐवजी ५ सत्रे म्हणजे उपचार घेणे आणि न घेणे यांतला फरक असू शकतो. एखाद्या प्रदेशात नवे यंत्र येण्याची वाट पाहत असताना हाच बदल सर्वात आधी करता येतो.

किरणोपचाराने एकूण काय मिळते, याचाही हिशेब झालेला आहे. ऑस्ट्रेलियातील डिलेनी-बार्टन यांच्याच गटाने काढले की, पुराव्यानुसार गरज असलेल्या सर्वांना किरणोपचार मिळाला, तर तो कोणालाच न मिळण्याच्या तुलनेत, सर्व कर्करुग्ण छेदात धरूनही पाच वर्षांच्या स्थानिक रोगनियंत्रणात १०.४ टक्के आणि जगण्यात २.४ टक्के लाभ होतो. २.४ हा आकडा लहान वाटतो, पण ४००० नव्या रुग्णांच्या प्रदेशात तो दरवर्षीच्या तुकडीत सुमारे ९६ माणसांचा होतो, आणि सुमारे ४१६ जणांचा रोग मूळ जागी आटोक्यात राहतो. वेदना कमी होण्याचा लाभ यात धरलेला नाही. ज्या प्रदेशात डोके-मान आणि गर्भाशयमुखाचे कर्करोग जास्त आहेत तिथे हे लाभ आणखी मोठे असणार, कारण या रोगांत किरणोपचार हाच अनेकदा मुख्य उपचार असतो.

आता ३८ टक्क्यांचे प्रत्यक्षात काय करावे ते सांगतो. प्रथम तो एका वर्षाचा आहे की संपूर्ण आजारपणाचा, आणि रुग्णांचा आहे की उपचारक्रमांचा, हे शोधावे. नंतर प्रदेशाच्या कर्करोगनिहाय आकड्यांवरून अपेक्षित प्रमाण काढावे. टप्प्यांची माहिती असेल तर उत्तम, नसेल तर निदान मोठे आतडे आणि गुदाशय वेगळे करावेत. मग सगळ्या कर्करोगांच्या मागे न लागता स्तन, डोके-मान, गर्भाशयमुख, फुप्फुस आणि गुदाशय हे पाचच घ्यावेत आणि प्रत्येकाचे प्रमाण वयोगट व केंद्रापासूनचे अंतर यांनुसार फोडावे. अंतर वाढले की सर्व पाचांत उतार दिसला, तर सोयी आणि यंत्रे यांचा प्रश्न आहे. केंद्राच्या लगतच्या वस्तीतही फक्त फुप्फुसाचे प्रमाण कमी दिसले, तर नवे यंत्र घेऊन काही साधणार नाही. तिथे ट्यूमर बोर्डापुढे (निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीपुढे) प्रत्येक रुग्ण यावा एवढी एकच व्यवस्था जास्त उपयोगी पडेल. फक्त वृद्धांमध्ये प्रमाण खाली असेल, तर न पाठवण्याची कारणे फाइलमध्ये लिहिलेली आहेत का ते पाहावे.

नोंदणी आणि केंद्रांच्या नोंदी जोडून हे सगळे हाती यायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर थांबण्याचे कारण नाही. पाच कर्करोगांपैकी एक निवडून, प्रदेशातील दोन-तीन रुग्णालयांतील गेल्या वर्षीच्या रुग्णांच्या फाइल्स घ्याव्यात आणि ज्यांना किरणोपचार मिळाला नाही त्यांना चार गटांत टाकावे : गरज नव्हती, पाठवले नाही, पाठवले पण रुग्ण पोहोचला नाही, पोहोचला पण सुरू झाला नाही किंवा अर्धवट राहिला. दोनशे फाइल्सचे असे वाचन एका निवासी डॉक्टरला आणि एका नोंदणी कर्मचाऱ्याला काही आठवड्यांत जमते. यंत्राचा प्रस्ताव लिहायचा असेल, तर त्याला तिसऱ्या आणि चौथ्या गटाची संख्या जोडावी. दुसरा गट सर्वात मोठा निघाला, तर प्रस्तावाआधी शल्यचिकित्सा विभागप्रमुखांशी बसून बोलावे.